शब्द म्हणायचं कशाला?

(मराठी भाषा गौरव दिनी, २७ फेब्रुवारीला, आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना एक-दोन ठिकाणी भर घातली आहे.)



भाषा दिनाला उभा राहिलेला माणूस मराठीची थोरवी सांगणार, असं सगळे धरून चालतात. ती सांगणारे माझ्यापेक्षा अधिकारी लोक पुष्कळ आहेत. मी बँकेत आयुष्य काढलं. मोजणं हा माझा धंदा होता, आता ती खोड झाली आहे. नोटा मोजल्या, व्हाउचरं मोजली, दिवसअखेर थोडा फरक निघाला तर रात्री उशिरापर्यंत बसून तो शोधला. आज मी अशा गोष्टीबद्दल बोलणार आहे की जी सगळेच मोजतात, पण ती 'एक' म्हणजे नेमकी केवढी, हे कोणी विचारत नाही. ती गोष्ट म्हणजे शब्द.

तुम्ही म्हणाल, त्यात विचारायचं काय? दोन बाजूंना मोकळी जागा, मध्ये अक्षरं, झाला शब्द. चला, याच हिशेबाने एक मोजणी करू. 'आमच्या घरासमोरच्या झाडाखाली.' किती झाले? तीन. आता हेच हिंदीत म्हणा. 'हमारे घर के सामने वाले पेड़ के नीचे.' आठ. इंग्रजीत 'अंडर द ट्री इन फ्रंट ऑफ अवर हाऊस'. बोटं मोजा, आठच. झाड तेच, घर तेच, झाडाखाली बसलेला माणूससुद्धा तोच. मग मराठी माणूस कमी बोलला का? ए विंगच्या जिन्यातल्या गप्पा ज्यांनी ऐकल्या आहेत, ते तरी असं म्हणणार नाहीत.

फरक आहे तो चिकटवण्याचा. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि समोर, खाली, साठी, पर्यंत यांसारखी शब्दयोगी अव्ययं मागच्या शब्दाला जोडून लिहायची, हे आपण शाळेत शिकलो. हिंदीत ती सुटी लिहितात. तिथेही एक गंमत आहे. नामापासून सुटी, पण सर्वनामाला जोडून. 'राम ने' हे दोन शब्द आणि 'उसने' हा एक. 'ने' तोच, त्याचं कामही तेच. म्हणजे शब्दाची हद्द ही काही आकाशातून पडलेली नाही. लिहिणाऱ्यांनी ती कुठेतरी आखली आणि पुढच्यांनी पाळली.

आपल्या जोडून लिहिण्यामागेही कारण आहे, नुसता हट्ट नाही. मराठीत प्रत्यय लागायच्या आधी शब्द आपलं रूप बदलतो. घर, पण घरा-ला. देऊळ, पण देवळा-त. हे 'घरा' आणि 'देवळा' एकटे उभे राहू शकत नाहीत. कोणी दारात येऊन नुसतं 'देवळा' म्हणून थांबला तर आपण त्याच्या तोंडाकडे बघत पुढच्या अक्षराची वाट पाहू. ज्याला एकट्याला उभं राहता येत नाही, त्याला सुटं लिहायचं तरी कसं?

याचा अनुभव आम्हाला बँकेत रोज यायचा. खातेदाराच्या नावाला हात लावायचा नाही, हा तिथला धर्म. पण मराठी तर नाव मोडल्याशिवाय प्रत्ययच लावू देत नाही. पाटील हे नाव, पण 'पाटलांना' चेकबुक दिलं. बोलताना ठीक आहे. पत्रात मात्र 'पाटलांना' लिहिलं तर नोंदीतल्या नावाशी ते जुळणार कसं? म्हणून कचेरीच्या मराठीने एक युक्ती काढली. 'श्री. पाटील यांना', 'श्री. पाटील यांचेकडून'. हे 'यांना' कशासाठी असतं, याचा कधी विचार केलात? नावाला धक्का लागू नये म्हणून प्रत्ययाला बसायला दिलेलं ते वेगळं स्टूल आहे. 'पाटलांना' हा एक शब्द, 'पाटील यांना' हे दोन. अर्थात तसूभर फरक नाही.

नातवंडांचा लाडका कॉम्प्युटर इथे साफ गोंधळतो. लेखात साध्या पद्धतीने 'देऊळ' शोधलं तर 'देवळात' त्याला दिसत नाही. आणि 'देवळासमोरच्यांनाही' असं लिहिलं की तो बऱ्याचदा खाली लाल रेघ मारतो. त्याच्या यादीत हा शब्द नसतो. असणार तरी कसा? असे शब्द आपण बोलता बोलता तयार करतो आणि टाकून देतो. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ साली. असा कोश उघडलात तर देऊळ सापडेल, देवळासमोरचे सापडणार नाहीत. तेव्हा 'मराठीत एकूण शब्द किती?' असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, देऊळ आणि देवळात हे दोन धरू का एक? मग तो विषय बदलतो.

ही चिकटवाचिकटवी करणारे आपण एकटे नाही. सी विंगमधल्या आपल्या तमिळ शेजाऱ्यांना विचारा. 'घरातून' म्हणायला त्यांच्याकडे 'वीट्टिलिरुंदु' असा एकच शब्द आहे. तुर्की भाषा आणखी पुढे जाते. 'एव्हलेरिनिझदेन' म्हणजे तुमच्या घरांमधून. 'एव्ह' म्हणजे घर, 'लेर' अनेकवचनाचं, 'इनिझ' म्हणजे तुमचं, 'देन' म्हणजे पासून. चार मणी, एक माळ. ग्रीनलंडच्या भाषेत तर जिथे आपण अख्खं वाक्य बोलू, तिथे पुष्कळदा एकच लांबलचक शब्द पुरतो.

यावरून आठवलं. एस्किमोंच्या भाषेत बर्फाला शंभर शब्द आहेत, असा मेसेज आपल्या ग्रुपवर दरवर्षी थंडीत येतो. कधी पन्नास असतात, कधी चारशे. या गोष्टीचं मूळ फ्रान्झ बोआस या अभ्यासकाच्या १९११ सालच्या एका लिखाणात सांगतात. त्याने दिली होती फक्त चार मुळं. पडलेला बर्फ, पडणारा, वाऱ्याने उडणारा आणि वाऱ्याने साठलेला, असे प्रकार. पुढचे आकडे लोकांनी फुगवले. पण खरी गोम वेगळीच आहे. ज्या भाषेत एका मुळाला प्रत्यय लावत लावत हवे तेवढे शब्द घडवता येतात, तिथे बर्फाचे शब्द मोजणं म्हणजे आपल्याकडे 'घर' या शब्दाची रूपं मोजत बसणं. घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा. मग आपल्याकडेही घराला शंभर शब्द निघतील. म्हणून काही आपण बिल्डर ठरत नाही.

आता ती मोकळी जागा. ती तरी पक्की आहे का? तुमच्यापैकी काहींच्या घरी आजोबा-पणजोबांच्या जमिनीचे मोडी कागद असतील. बाहेर काढून बघा. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली सलग लिहीत जायचं. शब्दाशब्दांत जागा सोडायची रीतच नव्हती. तरी त्या कागदांवर पेशव्यांचा कारभार चालला, सावकारी चालली. वाचणारा अर्थाच्या अंदाजाने शब्द तोडत जाई. त्यात घोटाळा होऊ शकतो, हे उघड आहे. फळ्यावर मी लिहितो ते वाचा: 'घरातलेकरूनको'. कोणी वाचेल 'घरात लेकरू नको', कोणी वाचेल 'घरातले करू नको'. पहिल्याने सुनेचा जीव जाईल, दुसऱ्याने तिला सुट्टी मिळेल.

थायलंडमध्ये तर आजही शब्दांत जागा सोडत नाहीत. तिथलं नेहमीचं उदाहरण आहे 'ताकलोम'. 'ता-क्लोम' असं तोडलं तर गोल डोळे, 'ताक-लोम' असं तोडलं तर वारा खात बसणं. युरोपातही जुन्या काळी लॅटिन सलगच लिहीत. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराला आयर्लंडच्या मठांतल्या साधूंनी शब्दांमध्ये जागा सोडायला सुरुवात केली. त्यांची मातृभाषा लॅटिन नव्हती, त्यामुळे कुठला शब्द कुठे संपतो हे त्यांना कानाने कळत नसे. परक्याच्या सोयीसाठी निघालेली ही पद्धत आज आपल्याला जन्मजात वाटते.

मग लिहिण्याच्याही आधी, नुसत्या पाठांतराच्या काळात लोकांना शब्द ठाऊक नव्हते का? चांगले ठाऊक होते. ऋग्वेद सलग, संधीसह म्हणायचा तो संहितापाठ. त्याचाच एक-एक शब्द सुटा करून म्हणायचा तो पदपाठ. हा पदपाठ शाकल्याचा, आणि शाकल्याचा उल्लेख पाणिनीने केला आहे, म्हणजे तो त्याच्याही आधीचा. कागद नाही, जागा सोडण्याचा प्रश्न नाही, आणि हा माणूस ठरवतो आहे की इथे एक शब्द संपला. पाणिनीने पुढे त्याचा नियमच बांधून दिला. नामाचे किंवा क्रियापदाचे प्रत्यय ज्याच्या शेवटी लागले ते पद. म्हणजे प्रत्ययासकट एक. 'पाटलांना' हा एक शब्द मानणारे आपण त्या घराण्यातले, असं म्हणायला हरकत नाही.

उलट टोकाला चिनी. तिथेही शब्दांत जागा नाही, पण त्यांना त्याचं सोयरसुतक नाही. सामान्य चिनी माणूस शब्द मोजतच नाही, अक्षरचिन्हं मोजतो. लेख किती लांब, तर इतकी चिन्हं. शब्द ही कल्पना त्यांच्याकडे व्याकरणाच्या तासापुरती. जपानी शाळांत चारशे चौकोन छापलेला कागद मिळतो, वीस गुणिले वीस. एका घरात एक अक्षर. किती लिहिलं ते कागद बघूनच कळतं. बँकेच्या माणसाला असा कागद फार आवडतो.

जोडशब्दांची कथा आणखी निराळी. आपल्या गेटवरच्या फलकावर 'रौप्य महोत्सव' असं सुटं लिहिलं आहे आणि स्मरणिकेच्या कव्हरवर 'रौप्यमहोत्सव' जोडून आहे. समास असल्याने जोडूनच लिहायला हवा. हल्ली आपण इंग्रजीच्या धाटणीवर समास तोडायला लागलो आहोत. 'सूचना फलक', 'रक्त दान', 'वाहन तळ'. तुम्ही म्हणाल, काय बिघडलं? बिघडतं. वाण्याच्या यादीत 'कांदे, पोहे' लिहिलं तर पिशवीत दोन वस्तू येतात. 'कांदेपोहे' म्हटलं की एक बशी येते, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर बशीबरोबर आणखीही बरंच काही येतं. इंग्रज 'आईस क्रीम' दोन शब्दांत लिहितो, पण कोन हातात एकच घेतो. जर्मन लोक आपल्यापेक्षा कडक. तिथल्या मेक्लेनबुर्ग-फोरपोमेर्न राज्यात १९९९ साली एक कायदा झाला. गोमांसाच्या लेबलांवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी सोपवण्याबाबतचा. त्याच्या नावात एक शब्द होता ६३ अक्षरांचा. २०१३ मध्ये कायदाच रद्द झाला, तेव्हा त्या शब्दाच्या निधनाची बातमी जगभर छापून आली.

शब्दाला खरोखर पैसे पडत, तो काळ आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिला आहे. तार! काउंटरवरचा मास्तर पेन्सिलीने एकेक शब्द मोजायचा आणि आपण बाहेर उभे राहून 'हा काढू का, तो काढू' असं करायचो. बँकेत तर पैसेही तारेने जात, सांकेतिक शब्दांत. परदेशी तारांच्या नियमात साध्या भाषेतला शब्द १५ अक्षरांपर्यंत एक धरत, आणि आकड्यांचे पाच-पाचचे गट करून एका गटाचा एक शब्द. म्हणजे १२३४५ हाही एक शब्द! व्याकरणवाल्यांना विचारायला कोणी गेलं नव्हतं. आपली तार १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. पण शब्दाला किंमत लावणं काही थांबलं नाही. भाषांतरकाराला आजही बऱ्याच ठिकाणी शब्दांवर पैसे मिळतात. तेव्हा विचार करा, इंग्रजी मूळ मजकुराच्या शब्दांवर पैसे आणि तयार झालेल्या मराठी शब्दांवर पैसे, यांत केवढी तफावत पडेल! तीन आणि आठचं उदाहरण आपण मघाशीच पाहिलं.

आणि आता घरचा प्रश्न. यंदा रौप्यमहोत्सवी निबंध स्पर्धेत आपण एक चांगली गोष्ट केली. कोणत्याही भाषेत लिहा, असं सांगितलं. मर्यादा मात्र सगळ्यांना एकच, ५०० शब्द. निबंध कॉम्प्युटरने मोजले आणि मर्यादा ओलांडलेले बाजूला ठेवले गेले. त्यात बहुतेक हिंदी होते. लगेच 'हिंदीवाली मुलं पाल्हाळ लावतात' असं एक-दोघांनी बोलून दाखवलं. हे मला लागलं, म्हणून आज हा विषय घेतला. ती मुलं जास्त लिहीत नाहीत, त्यांचे 'के', 'में', 'से' वेगळे मोजले जातात, इतकंच. आपल्या मुलांचे 'च्या', 'त' आणि 'हून' फुकट प्रवास करतात. मराठीतसुद्धा 'येतो आहे' लिहिणाऱ्याचे दोन शब्द झाले आणि 'येतोय' लिहिणाऱ्याचा एक. 'मी सुद्धा' असं तोडून लिहिणारा चुकतो तर चुकतो, वर शब्दही वाढवून घेतो. एकच फुटपट्टी सगळ्यांना लावली म्हणून माप सारखं होत नाही.

माझी समितीला सूचना अशी की पुढच्या वेळी नियम शब्दांचा न करता जागेचा करावा. रेघी फुलस्केपची दोन पानं, एका बाजूला, हाताने लिहून. आणि बाजूला ठेवलेले निबंध परत परीक्षकांकडे द्यावेत. (लिहून काढताना सांगतो, समितीने हे दोन्ही मान्य केलं आहे.)

शेवटची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो, कारण मागून चहाच्या किटलीचा आवाज येऊ लागला आहे.

शब्द मोजण्याचा सगळ्यात मोठा धसका आम्ही घेतला तो पाच वर्षांपूर्वी. माझी मुलगी अमेरिकेत असते. नातू दोन वर्षांचा झाला, तेव्हा तपासणीत विचारलं, त्याला शब्द किती येतात? दोन वर्षांच्या मुलाला साधारण पन्नास शब्द यावेत आणि दोन शब्द जोडता यावेत, असा तिकडे ढोबळ अंदाज धरतात. मुलीने मोजले, ते अठरा भरले. ती घाबरली. कोणीतरी सल्ला दिला, घरात मराठी बंद करा, पोराचा गोंधळ होतोय. जावई तयारही झाले होते. फोनवर मुलगी रडली. सौ.नी तिला एकच विचारलं, "अगं, तू मोजलेस ते कुठले?" सगळे इंग्रजी! डॉक्टर इंग्रजीत विचारतात, म्हणून हिने इंग्रजीच मोजलेले.

मग रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल आणि सौ.च्या हातात जुन्या कॅलेंडरची मागची बाजू. भूभू, माऊ, काऊ, मम्मं, गाई, बाऊ, नको, संपलं, अजून. गाडीतून बाहेर जायचं म्हणजे 'भुर्र'. मी म्हटलं, 'भुर्र' हा काय शब्द आहे? पण पुढे तिकडच्या वाचातज्ज्ञ बाईंनी तो धरला. त्यांचं म्हणणं, मूल तोच आवाज त्याच गोष्टीसाठी दरवेळी, आपणहून काढत असेल, तर तो शब्द, मग तो कोशात असो वा नसो. आणि दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजायचे. मराठी बंद करायची काहीही गरज नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

हे ऐकलं आणि मला पतंजली आठवले. दोन हजार वर्षांपूर्वी महाभाष्याच्या सुरुवातीलाच त्यांनी हा प्रश्न घेतला आहे. 'गाय' म्हणताना त्यातला शब्द कोणता? ती समोर उभी असलेली वस्तू का? तिचा रंग? तिचं हलणं-चालणं? नाही, ते म्हणतात. जे उच्चारल्यावर पोळी, शेपूट, वशिंड, खूर आणि शिंगं असलेलं ते जनावर आपल्या मनात उभं राहतं, तो शब्द. मोकळ्या जागेचं नावही नाही. या मापाने आमच्या नातवाचं 'भुर्र' पहिल्या वर्गात पास.

दोन्ही भाषा मिळून एकसष्ट शब्द निघाले. आता तो सात वर्षांचा आहे आणि दोन्ही भाषांत भांडतो. ते कॅलेंडर सौ.नी कपाटात जपून ठेवलं आहे. त्यावर एकच खाडाखोड आहे. 'आजीकडे' हे सौ.नी आधी दोन शब्द म्हणून धरलं होतं, कारण त्याला आजीही कळते आणि तिच्याकडे जायचं हेही कळतं. मी खोडून एक केला. तो वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.